बेदाणा शेडसाठी वळवाचा अंदाज: तासभर आधी नक्की कशावरून कळेल?

द्राक्षवाला_सावळज

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात पूर्वेकडच्या माळावर बेदाणा शेड आहे. लोखंडी अँगलचा सांगाडा, तारांवर जाळीचे कप्पे, वर प्लास्टिक कागद, बाजूंना गुंडाळता येणारे पडदे. माल जाळीवर पडल्यापासून साधारण १२ ते १५ दिवस सुकतो आणि त्या काळात एकदा जरी पाणी लागलं तरी रंग जातो. चौघांनी पडदे सोडून, दोर आवळून, कागदावर वाळूच्या पिशव्या ठेवायला ४० मिनिटं लागतात. दिवसभर पडदे लावून ठेवता येत नाहीत, वारा बंद झाला की माल सुकायचा थांबतो.

मोबाइलवरची ॲपं मार्चपासून मेपर्यंत रोजच ढग-विजेचं चित्र आणि ३०-४० टक्के दाखवतात. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. प्रश्न दोन:

१. आज वळीव होण्यासारखी हवा आहे का, हे सकाळी कशावरून ओळखायचं?
२. ढग उठल्यावर आपल्याकडे येणार की नाही आणि किती वेळात, हे कसं काढायचं?

कृष्णाकाठ_हवामान

दादा, पहिल्या प्रश्नाचं बोलतो. आधी त्या टक्क्यांचा नाद सोडा. जीएफएस या अमेरिकी जागतिक हवामान मॉडेलचे आकडे सुमारे २५ किमीच्या चौकटीत मिळतात. सह्याद्रीचा कडा त्यात सपाट होऊन जातो, आणि ५-१० किमी रुंदीचा गडगडाटी ढग त्याला दिसतच नाही, त्याचा नुसता हिशेब लावलेला असतो. म्हणून दुपारनंतर सगळ्या पट्ट्यावर थोडा थोडा पाऊस पसरवून दाखवतं. मॉडेलमधून पावसाचा आकडा घेऊ नका, हवेची स्थिती घ्या. पहाटे ५:३० चं जीएफएस आपल्याकडे सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येतं. ते उघडून चार गोष्टी बघा.

८५० हेक्टोपास्कलचा वारा, म्हणजे समुद्रसपाटीपासून दीड किमीवरचा. आपलं पठारच साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे, तेव्हा डोक्यावर जेमतेम एक किमी. मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या आतल्या भागातून खाली तमिळनाडूकडे जाणारी द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा), किंवा वाऱ्याची खंडितता (वारा एकदम दिशा बदलतो ती रेषा), हवामान खात्याच्या पत्रकात या दिवसांत वरचेवर असते. ती रेषा आपल्या जवळ असेल आणि तिच्या पूर्वेला दक्षिण-आग्नेयेचा वारा असेल, तर बाष्प येतंय. सगळीकडे वायव्येचा वारा असेल तर हवा कोरडी. त्या दिवशी नुसता उन्हाचा तडाखा.

मग केप, म्हणजे हवेत वर उसळायला किती ऊर्जा साठली आहे ते. दुपारी १००० ज्यूल प्रति किलोच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं, २००० म्हणजे जोराचा वळीव. पण त्याच्यासोबत सिन बघितल्याशिवाय केपला अर्थ नाही. सिन म्हणजे खालची हवा वर जाऊ न देणारं झाकण. दुपारी ते ५० च्या आत आलं तर ढग सहज फुटतो. १०० च्या वर राहिलं तर केप २५०० असूनही आभाळ निरभ्र राहतं, आणि बरेच जण फसतात ते इथंच.

तिसरं, ७०० हेक्टोपास्कलची, म्हणजे तीन किमीवरची आर्द्रता. ती ३० टक्क्यांच्या आत असेल तर वर जाणारा ढग आजूबाजूची कोरडी हवा ओढून विरतो. चौथं, ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे पावणेसहा किमीच्या आसपासचा वारा, ते गारपिटीसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेचा जोरदार वारा दक्षिणेपर्यंत उतरतो. खाली पूर्वेचा दमट, वर पश्चिमेचा थंड आणि वेगवान, असा मेळ बसला की ढग तिरका होतो, पाऊस आणि वर जाणारी हवा एकमेकींच्या वाटेत येत नाहीत आणि ढग तासन् तास जगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट अशाच स्थितीतली. मे महिन्यात ० अंशाची पातळी पाच किमीच्या आसपास जाते, वरचा वारा मंदावतो, त्यामुळे गारा पडल्या तरी बहुधा बारीक आणि थोडा वेळ.

पणजी आणि मुंबईहून सोडलेल्या हवामान फुग्याची (बलूनची) पहाटेची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. पण दोन्ही ठिकाणं किनाऱ्यावर. खालचा एक किमी आपल्या कामाचा नाही, ७०० च्या वरचा भाग मात्र जरूर बघा.

माणदेशी_आभाळ

वरचं सगळं बरोबर, पण मॉडेल दिवस सांगतं, दुपार नाही. दुपारसाठी दवबिंदू, म्हणजे हवा जितक्या अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होतं ते तापमान. माण-आटपाडी-जतच्या माळावर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही आणि खर्चही किरकोळ.

आर्द्रतेचे टक्के बघत बसू नका, तापमान चढलं की ते आपोआप उतरतात. दवबिंदू बाष्प वाढल्या-घटल्याशिवाय हलत नाही. ३८ अंशाला ३५ टक्के म्हणजे दवबिंदू २०. त्याच ३८ ला २० टक्के म्हणजे दवबिंदू ११. या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक. तापमानातून दवबिंदू वजा करून १२५ ने गुणा, ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटरवर बसेल ते मिळतं. पहिल्या दिवशी १८ गुणिले १२५, म्हणजे २२५० मीटर. दुसऱ्या दिवशी जवळपास ३४०० मीटर. इतक्या उंच तळाच्या ढगाचा पाऊस वाटेतच सुकतो. तो सुकताना हवा गार आणि जड होऊन खाली आदळते. अशा ढगाखाली धुळीचा लोट, उडालेले पत्रे आणि चार थेंब. तुमच्या वरच्या कागदाला खरा धोका या कोरड्या वळवाचा, आणि ॲप त्या दिवशी 'पाऊस नाही' म्हणतं.

दवबिंदू काढताना एक चूक सगळीकडे फिरतेय: १०० मधून आर्द्रता वजा करायची, ५ ने भागायचं आणि ते तापमानातून काढायचं. हा ठोकताळा आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच चालतो. ३८ अंश, ३५ टक्क्यांना तो २५ दाखवतो, खरा २०. एक्सेलमध्ये नीट सूत्र बसवा. (आर्द्रता ÷ १००) चा नैसर्गिक लॉग घ्या, त्यात १७.६२ × तापमान ÷ (२४३.१२ + तापमान) मिळवा. येईल त्याला 'ग' म्हणा. दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग).

तापमान-आर्द्रतेचा सेन्सर बीएमई२८० घ्या, डीएचटी२२ उन्हाळ्यात भरवशाचा राहत नाही. आर्द्रता ५ टक्क्यांनी चुकली तर दवबिंदू २ अंशांनी हलतो, म्हणून आधी मिठाची परीक्षा करा. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी, शेजारी सेन्सर पाण्याला न लागता. झाकण घट्ट लावून घरात सावलीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवं. जितका फरक, तितकी दुरुस्ती.

लावायचा कुठं? पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, दार उत्तरेला. स्लॅबवर, पत्र्याखाली, शेडच्या आत नको. सुकणाऱ्या द्राक्षांची वाफच मोजली जाईल. आणि पाणी दिलेल्या उसाच्या बांधावरही नको, तिथं दवबिंदू फुगतो. वाळवा-पलूसच्या ऊस पट्ट्यातले आकडे सावळजच्या माळाला लावू नयेत ते याचमुळे.

दर तासाला नोंद ठेवा. अकरा ते दोन या वेळात कोरड्या हवेत दवबिंदू उतरतो, कारण वरची सुकी हवा खाली मिसळते. तो उतरला नाही, १८ च्या वर टिकून राहिला, तर संध्याकाळ जपायची. सकाळी सात-आठला मधल्या उंचीवर एका ओळीत बुरुजांसारखी डोकी काढलेले छोटे ढग दिसले तर तीही खूण पक्की धरा.

मिरज_रडार

आता दुसरा प्रश्न, ढग उठल्यानंतरचा.

तासगावला सोयीचं रडार पणजीचं, सरळ रेषेत सुमारे १९० किमी. त्याचा सर्वांत खालचा झोत अर्ध्या अंशाने वर जातो, त्यात पृथ्वीची गोलाई. तुमच्यापर्यंत येईतो झोत पावणेचार किमी उंचीवर असतो आणि तीन किमीहून जाड झालेला असतो. म्हणजे नुकता उठलेला ढग त्यात दिसत नाही, दिसतो तेव्हा तो वाढलेला असतो. मुंबईचं रडार २८० किमीवर, झोत सात किमीवर. तासगावला ते सोडून द्या. साताऱ्याला मात्र मुंबईचंच बरं, तिथं झोत साडेतीन किमीच्या आसपास बसतो आणि पणजीचा साडेपाचच्या पुढे.

पणजीच्या चित्रात ३५-४० डीबीझेड (ढगातून परत येणाऱ्या झोताच्या जोराचं माप) म्हणजे पाऊस, ५० च्या वर जोराचा, ५५ च्या वर गारांची शंका. आधी चित्रावरची वेळ वाचा. ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असेल तर साडेपाच तास मिळवा, १०:३० म्हणजे आपले दुपारचे चार. चित्र १५-२० मिनिटं जुनं असू शकतं, तेवढा वेळ हिशेबातून आधीच वजा.

मग २० मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं घ्या आणि ढगाचा गाभा किती सरकला ते नकाशावर मोजा. १२ किमी सरकला तर ताशी ३६. तुमच्यापासून ३० किमीवर असेल तर ५० मिनिटं. यातून १५-२० मिनिटं अजून काढा, कारण पावसाच्या पुढं थंड वाऱ्याचा लोट धावतो आणि कागद तोच उचलतो. उरली ३०-३५ मिनिटं. तुम्हाला ४० लागतात. म्हणजे ३० किमीला हलून उपयोग नाही, ४०-४५ किमीला माणसं दोरावर हवीत.

द्राक्षवाला_सावळज

हे कामाचं झालं. पण ढग आमच्या डोक्यावरच तयार झाला तर? आणि तो उठतो कुठून, पश्चिमेकडून की जतकडून?

मिरज_रडार

दिशा रोजची वेगळी. ७०० आणि ५०० च्या वाऱ्याची सरासरी घ्या, एकटा ढग साधारण तिकडं सरकतो. पण जुन्या ढगाचा थंड लोट जिथं गरम हवेत घुसतो तिथं नवा ढग उठतो, म्हणून ओळ वाऱ्याच्या आडवीही चालते. गाभ्याबरोबर नवे ठिपके कुठल्या बाजूला उमटतात ते बघा.

डोक्यावरच्या ढगासाठी उपग्रह. हवामान खात्याच्या 'रॅपिड' पानावर इन्सॅटची चित्रं मिळतात. दुपारी एकपासून दृश्य चित्र बघा, त्याची बारकाई १ किमीची, अवरक्तची (उष्णता टिपणाऱ्या चित्राची) ४ किमीची. शिराळा-पाटणच्या डोंगरकडेला पांढऱ्या ठिपक्यांची ओळ लागली की ती जागा धरून ठेवा. इन्सॅट-३डीआर ७४ अंश रेखांशावर, म्हणजे जवळपास आपल्याच रेषेत पण विषुववृत्तावर आहे. त्यामुळे १४ किमी उंच ढगाचा माथा चित्रात खऱ्या जागेपेक्षा सुमारे ५ किमी उत्तरेला दिसतो. तासगाव आणि सावळजमधलं अंतर बघता हा फरक सोडण्यासारखा नाही.

अवरक्त चित्रात माथा उणे ५० अंशांच्या खाली गेला की ढग पिकला. पण मोठा पांढरा डाग म्हणजे मोठा पाऊस नव्हे. वरचा वारा ऐरणीसारखा पसरलेला माथा पूर्वेला लांबवर ओढतो. कराडकडे उठलेल्या ढगाची सावली तुमच्याकडे तीनलाच पडली तर जमीन तापायची थांबते आणि बहुतेकदा तुमचा वळीव तिथंच मोडतो.

माणदेशी_आभाळ

पश्चिमेच्या वाऱ्याचं राहिलं. दुपारनंतर समुद्रावरचा वारा घाट चढून पठारावर येतो. तो आणि पूर्वेची दमट हवा जिथं भिडतात तिथं ढग उभा राहतो. वारा लवकर आणि जोरात शिरला तर ती रेषा जत-आटपाडीच्या पुढं ढकलली जाते आणि तासगाव कोरडं राहतं. रेंगाळला तर मिरज-कवठे महांकाळच्या पट्ट्यातच खेळ होतो. शेडवर वाऱ्याची दिशा दाखवणारी साधी फिरकी लावा. दुपारभर पूर्वेचा वारा, मग एकदम पडलेला, आणि अंगाची काहिली, ही वेळ जागेवरून न हलण्याची.

कृष्णाकाठ_हवामान

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. शेड लोखंडी आहे. पडदे ओढणारी माणसं तारांना आणि अँगलला हात लावून उभी असतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप २० ते ४० किमीच्या परिघातल्या विजा दाखवतं. ४० च्या कड्यात पहिली वीज आली की काम सुरू करा, १० किमीच्या आत आली की आहे तिथं सोडून सगळ्यांनी पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जायचं. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद भागिले ३ म्हणजे किमी. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला म्हणजे ती हद्द ओलांडली. उरलेला एक पडदा भिजला तर भिजू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत शेडमध्ये पाऊल नको.

खात्याचा तात्काळ अंदाज दर तीन तासांनी येतो, तोही बघत जा. पण तो जिल्ह्यासाठी असतो आणि शिराळा ते जत शंभर किमीच्या वर आहे. पिवळा इशारा आला म्हणजे चौघं शेडजवळ थांबतील एवढी सोय करायची. पडदे कधी सोडायचे ते रडार आणि दामिनीवरून.

द्राक्षवाला_सावळज

एक शेवटचं. पाऊस होऊन गेल्यावर पडदे रात्रभर तसेच ठेवावेत का? दुसरा ढग येईल ही भीती असते.

माणदेशी_आभाळ

तापमान बघा. ३८ वरून २४ वर आलं असेल तर त्या जागेतली ऊर्जा संपली, त्याच संध्याकाळी पुन्हा जोराचा ढग तिथंच उठणं अवघड. अर्ध्या तासाची हद्द पाळून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे पडदे आधी उघडा, कोंडलेल्या दमट हवेतही माल काळवंडतो. तापमान चार-पाच अंशच उतरलं असेल, म्हणजे तुम्हाला नुसती कड लागली असेल, तर नऊपर्यंत रडार सोडू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दवबिंदू बघा. भिजलेल्या रानातून वाफ उठते, त्यामुळे वारा तोच राहिला तर दुसरी दुपार पहिलीपेक्षा जास्त जड असते.