अल्काट्राझला 'काळं पाणी' म्हणणं जरा जास्तच

कुणीतरी अल्काट्राझला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या तुरुंगाच्या बेटाला, 'अमेरिकेचं काळं पाणी' म्हटलंय, ते पटलं नाही. अल्काट्राझ १९३४ ते १९६३ एवढंच संघीय तुरुंग होतं आणि कैदी जिवावर उठून पळायचे ते समोर दिसणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोकडे. बंदही झालं ते खर्चापायी. गोडं पाणीसुद्धा बोटीने न्यावं लागे!

अंदमानशी तुलना करायचीच तर फ्रेंच गयानाशी करा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रान्सच्या कैदी वसाहतीशी. तिथलं डेव्हिल्स आयलंड हे बेट ड्रेफस या देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यामुळे गाजलं (१८९५ ते १८९९), पण खरी मेख कायद्यात होती. आठ वर्षांहून कमी सक्तमजुरी असेल, तर ती भोगून झाल्यावर तेवढीच वर्षं पुन्हा गयानातच राहायचं. आठ किंवा जास्त असेल तर जन्मभर! म्हणजे सुटका झाली तरी घर नाहीच. कागदावर शिक्षा एक, भोगायची दुप्पट.

अंदमानात १८५८ पासून कैद्यांची वसाहत होती, सेल्युलर जेल नंतरचं, १९०६ मध्ये पूर्ण झालेलं. त्याची रचना बघा: मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारती, प्रत्येक कोठडीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. शेजारचा माणूस दिसायचाच नाही. त्यात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा: दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं. सावरकरांमुळे हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं, पण तिथल्या कैद्यांच्या १९३३ आणि १९३७ च्या उपोषणांबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

दक्षिण आफ्रिकेतलं तुरुंगाचं बेट, रॉबेन आयलंड, राहिलंच. मंडेलांची १८ वर्षं तिथे गेली. चुनखडीच्या खाणीतल्या चकाकीने त्यांचे डोळे अधू झाले ते कायमचेच.