अनुभव धागा: इंटरनेटचा अतिवापर आणि विद्यापीठातली मुलं

या मुलांसोबत रोज काम करणाऱ्यांनी लिहावं: नेमकं काय करून उपयोग होतो, कुठे फसतं आणि का. उपदेश नको.

समुपदेशक
पहिला आठवडा काहीही कमी करायचं नाही, फक्त नोंद. फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा पुरत नाही, कारण तास कुठे गेले हे तो सांगतो, का गेले ते नाही. वहीत चार रकाने आखा: किती वाजता उचलला, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ गेला, नंतर कसं वाटलं. दुसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. चार-पाच दिवसांत तीच ती कारणं दिसू लागतात: अवघड धडा सुरू करायचा होता, जेवायला एकट्यानेच बसायचं होतं, कुणाच्या उत्तराची वाट होती.

कारण बदललं की उपाय बदलतो. धडा टाळला जात असेल तर त्याचा दहा मिनिटांत होईल एवढा तुकडा पाडावा. एकटेपणा असेल तर ॲप लॉक करून उरलासुरला संपर्कही तुटतो आणि मूल आणखी कोमेजतं. अशांसाठी आठवड्यातून दोनदा माणसांत जायच्या वेळा आधी पक्क्या कराव्या, फोन त्यानंतर कमी करावा. क्रम उलटा झाला की बहुतेकदा तिथेच फसतं.

मनोविकारतज्ज्ञ
नोंदवहीला पूर्ण अनुमोदन. ‘किती तास?’ हा प्रश्न शेवटी. आधी झोप, हजेरी, जेवण, मित्र यांतलं काय सुटलंय ते विचारावं. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेट व्यसनाची २० प्रश्नांची चाचणी चाळणी म्हणून ठीक. तिच्या गुणांवरून निदान करू नये. डीएसएम-५ (२०१३) या अमेरिकेतल्या मनोविकार निदानपुस्तिकेत इंटरनेट गेमिंगचा विकार ‘अजून अभ्यास हवा’ अशा विभागात ठेवलाय. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण तिथेही सहसा १२ महिन्यांचं वर्तन पाहतात. परीक्षा संपल्यावर चार दिवस गेम खेळत बसलेल्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणू नका, तो शब्द चिकटून राहतो.

अतिवापराच्या आड नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असू शकतं. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या: नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी समोर बसून थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे.

वसतिगृह अधीक्षक
रात्रीबद्दल. झोपायची वेळ ठरवून काही होत नाही, उठायची ठरवा. सुट्टीच्या दिवशीही तीच. मग झोप दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. एकदम दोन तास ओढली की मूल अंथरुणात जागं पडून राहतं आणि हात पुन्हा फोनकडे जातो. चार्जर दाराजवळ, उशाशी नाही. इथे ‘अलार्म फोनवरच आहे’ ही पळवाट निघते, म्हणून साधं गजराचं घड्याळ हवंच. दुपारची डुलकी २० मिनिटांपलीकडे गेली की रात्रीची झोप मार खाते. आणि खोलीतल्या जोडीदाराला सोबत घ्या; तो पहाटेपर्यंत व्हिडिओ बघत असेल तर एकट्याचा निश्चय टिकत नाही.

प्राध्यापक
२५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी ही पद्धत मोडते ती सुट्टीत, कारण त्या पाच मिनिटांत रील्स उघडतात आणि रील्सना शेवट नसतो. सुट्टीत उभं राहायचं, पाणी प्यायचं, खिडकीशी जायचं. लागणाऱ्या फायली आधीच उतरवून ठेवाव्या. वाचताना ‘हे शोधायचंय’ असं वाटलं की कागदावर लिहायचं आणि शेवटी एकदाच सगळं शोधायचं.

समुपदेशक (पुन्हा)
पालकांसाठी एक राहिलं. फोन हिसकावू नका, वायफाय बंद करू नका. चिडचिड तर वाढतेच, पण मूल लपवायला शिकतं आणि नोंदवही खोटी होते. निकालाच्या आठवड्यात आणि सुट्टीत वापर पुन्हा वाढतो. त्या तारखांसाठी वेगळं वेळापत्रक मुलासोबत बसून आधीच लिहून ठेवा.