व्हॅलँडिगहॅमला लिंकनने कोणत्या आधारावर हद्दपार केलं?

रानवारा: अमेरिकन यादवीतला ओहायोचा युद्धविरोधी डेमोक्रॅट क्लेमंट व्हॅलँडिगहॅम. मे १८६३ मध्ये लष्करी आयोगाने त्याला युद्ध संपेपर्यंत कैद सुनावली, पण रवानगी झाली थेट संघातून फुटलेल्या दक्षिणेच्या मुलखात. ओहायोत न्यायालयं सुरळीत चालू होती. मग कैदेची हद्दपारी कशी झाली? आणि हद्दपार माणूस गव्हर्नरपदाला उभा कसा राहिला?

दप्तरखाना: आधी एक खुलासा: तो आधी खासदार होता, पण अटकेच्या वेळी नव्हता. १८६२ मध्ये त्याच्या मतदारसंघाला रिपब्लिकनांना अनुकूल वॉरन काउंटी जोडली गेली, म्हणून तो हरला आणि मार्च १८६३ मध्ये त्याची मुदत संपली.

हद्दपारीचं मूळ ओहायो भागाचा उत्तरेचा सेनापती जनरल बर्नसाइडच्या १३ एप्रिलच्या ३८ क्रमांकाच्या हुकमात आहे. शत्रूबद्दल सहानुभूती बोलून दाखवणाऱ्याला अटक करून खटला चालवावा किंवा 'त्यांच्या मित्रांच्या' हद्दीत सोडून द्यावं, अशी सोय त्यातच होती. लिंकनने शिक्षा बदलताना हीच दुसरी वाट धरली. संसदेने केलेला हद्दपारीचा कायदा यामागे नव्हता.

पुरावा काय, तर १ मेचं माउंट व्हर्नन इथलं भाषण. साध्या वेशातले दोन कॅप्टन गर्दीत होते. एकजण व्यासपीठाला टेकून टिपणं घेत होता. ५ मेच्या पहाटे डेटनमधल्या घराची दारं फोडून अटक झाली. चिडलेल्या जमावाने रिपब्लिकन वृत्तपत्राची कचेरी जाळली. आयोगाचा अधिकारच अमान्य म्हणून त्याने कबुली-नाकबुली द्यायला नकार दिला. संघीय न्यायाधीश लेविट यांनी हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कैद कायदेशीर आहे का ते तपासण्याचा, अर्ज फेटाळला. २५ मे रोजी टेनेसीत मर्फ्रीज्बरोपुढे त्याला दक्षिणेच्या चौकीवर सोडलं. तिथे त्याने सांगितलं की मी अमेरिकेचा नागरिक आहे, मला जबरदस्तीने आणलंय, तेव्हा युद्धकैदी समजा.

मतपेटी: उमेदवारीबद्दल. ११ जूनला ओहायोच्या डेमोक्रॅटांनी त्याला उभं केलं ते अटकेच्या संतापातूनच. तो दक्षिणेतल्या विल्मिंग्टन बंदरातून उत्तरेची नाकेबंदी चुकवून बर्म्युडा, मग हॅलिफॅक्स असा कॅनडात पोचला आणि विंडसरमधून प्रचार केला, नदीपलीकडे डेट्रॉइट. पण जुलैत गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग उत्तरेने जिंकले, 'हे युद्ध जिंकता येत नाही' हा मुद्दाच गळाला. ऑक्टोबरमध्ये त्याचा प्रतिस्पर्धी जॉन ब्रफ सुमारे १ लाख मतांनी निवडून आला. त्या वर्षी छावणीतल्या सैनिकांनाही मतदान होतं आणि ती मतं जवळजवळ एकगठ्ठा ब्रफला पडली.

तिसरा बाक: त्याला शांततावादी म्हणताना जपून. त्याला वाटाघाटींनी जुना संघ परत हवा होता, गुलामगिरीसकट. गुलाममुक्तीसाठी लढण्याला त्याचा कडवा विरोध होता. तरीही भाषणासाठी नागरिकाला लष्करासमोर उभं करणं चूकच होतं, माझ्या मते लिंकनच्या कारकिर्दीतलं सगळ्यात कमकुवत पाऊल. या अटकेचा निषेध करणारा न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट कॉर्निंग याला लिहिलेल्या पत्रातला लिंकनचा सवाल, सैन्यातून पळून जाणाऱ्या भोळ्या पोराला गोळी घालायची आणि त्याला फितवणाऱ्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही का, ऐकायला जबरदस्त आहे; पण नागरी न्यायालय का टाळलं याचं उत्तर त्यात नाही.

दप्तरखाना: सहमत. आणि सर्वोच्च न्यायालयाने १८६४ मध्ये त्याचा खटला वैध ठरवला असं सर्रास लिहितात, ते चूक. लष्करी आयोगाचे निकाल तपासायचा आपल्याला अधिकार नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. नागरी न्यायालयं चालू असताना नागरिकावर लष्करी खटला चालत नाही, हा निर्णय १८६६ चा, इंडियानाच्या मिलिगनच्या प्रकरणातला. व्हॅलँडिगहॅम त्याआधीच, जून १८६४ मध्ये, ओहायोत परतला होता आणि लिंकनने त्याला पुन्हा हात लावला नाही.