'हिमनदी गेली तर जंगल येईल' म्हणे!

मुळावर_उठलेला:
परवा आमच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'बर्फ वितळला म्हणून गळे काढणं बंद करा. मोकळी झालेली जमीन हिरवी होईल, झाडं कार्बन ओढतील, निसर्ग आपला हिशेब आपणच जुळवतो.' खाली अंगठ्यांची रांग. मी दोन ओळी विरोधात लिहिल्या तर ॲडमिन म्हणे, 'निगेटिव्हिटी नको.' म्हणून इथं आलोय. वाचणाऱ्यांनी चहा घेऊन बसा.

हिशेबच म्हणताय ना, मग होऊन जाऊ दे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या मोठ्या चादरी सोडल्या तर बाकीच्या हिमनद्यांखालून या शतकाअखेर नेपाळएवढी ते फिनलंडएवढी जागा उघडी पडेल असा अंदाज २०२३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. सढळ हातानं ३ कोटी हेक्टर धरा. हेक्टरी ५० टन कार्बन मातीत मुरला असंही समजा, तोसुद्धा शंभरेक वर्षांनी. झाले दीड अब्ज टन. आपण कोळसा, तेल नि वायू जाळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. म्हणजे शतकाची कमाई दोन महिन्यांत फुंकून मोकळे.

बरं, ही कमाईसुद्धा पानांची नाही. पान गळतं, कुजतं आणि त्यातला बराचसा कार्बन परत हवेत जातो. टिकाऊ काम चालतं खाली. मुळांतून पाझरणारी साखर, बुरशीचे धागे, दर हंगामात मरणारी केसासारखी बारीक मुळं, यातला थोडा भाग दगडाच्या पिठाला चिकटून बसतो. हिमनदीनं दळलेल्या त्या पिठाला माती म्हणण्याइतकं व्हायलाच कित्येक दशकं जातात.

सरळसोट:
लेख छान, पण समोर बुजगावणं उभं करून त्याला बडवलंय. सगळा कार्बन हिमनदीची जमीन गिळेल असं कोण म्हणालं? दोन महिने तर दोन महिने, फुकट मिळतायत तर घ्या की.

आणि 'कित्येक दशकं' वगैरे सरसकट ठोकू नका. अलास्कातली ग्लेशियर बे बघा. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या माणसांना खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत आडवी आली होती. आज बर्फ शंभरेक किलोमीटर आत गेलाय आणि तोंडाशी स्प्रूसचं जंगल आहे. आधी जमिनीलगत पसरणाऱ्या ड्रायासच्या गाद्या, मग अल्डरची झुडपं, मग स्प्रूसची झाडं. अल्डरच्या मुळांना गाठी असतात, त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. कूपर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १९१६ मध्ये तिथं झाडोरा मोजायला चौकोन आखले, ते शंभर वर्षांनंतरही शोधून मोजले गेले. घरबसल्या केलेल्या गुणाकारापेक्षा हे बरं.

मुळावर_उठलेला:
गुणाकार चुकला असेल तर दाखवा. घरबसल्या केला म्हणून तो चुकत नाही.

गोमुखला_चारदा:
सरळसोट, अलास्कात समुद्रसपाटीला धो धो पाऊस पडतो. गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड, चार हजार मीटरवर. तिथं कसलं स्प्रूस घेऊन बसलात?

२००३ मध्ये मी बर्फाच्या कमानीसमोर, एका तिरक्या खडकापाशी फोटो काढला होता. २०२२ मध्ये तो खडक ओळखला आणि बर्फाला शोधत बसलो. तो पार आत गेलेला. मधल्या पट्ट्यात गोटे, वाळू, राखाडी चिखल. एका धोंड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला बोटभर उंचीचं रोपटं होतं. कड ढासळून त्याचं मूळ उघडं पडलेलं. रोप बोटभर, मूळ चांगलं वीत-दीड वीत! सगळ्या लांबीवर वाळूचे कण असे घट्ट चिकटलेले, जणू मुळाला लोकरीचा मोजा घातलाय. मी वाळू परत लोटून वर दोन दगड ठेवले. वीस वर्षांची तुमची हिरवाई ती एवढीच.

आणि 'आपोआप' म्हणणाऱ्यांनी गोमुखच्या वाटेवरच्या भोजबासाला जाऊन यावं. नावातच भोजपत्राची झाडं आहेत, पण चहाच्या टपऱ्यांच्या चुलीत गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी रोपवाटिका करून, वर्षानुवर्षं राखण करून तिथं पुन्हा भोज लावले. आता दिवसाला दीडशेच माणसं सोडतात, तरी लोकांना मॅगीची पाकिटं तिथंच टाकायची असतात. आमच्यातलाच एक महाभाग...

खडूस_कोल्हापूरकर:
मॅगीचा वेगळा धागा काढा काका. हा पण लांबतोय.

झुरिककर:
मी दोघांनाही थोडं थोडं निराश करणार आहे. इथं स्वित्झर्लंडमध्ये मोर्तेराच स्टेशनवर उतरलं की हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर सालांच्या पाट्या आहेत, बर्फ कुठल्या वर्षी कुठवर होता ते सांगणाऱ्या. जुन्या पाट्यांपाशी लार्चची बऱ्यापैकी झाडी, पुढे खुरटी झुडपं, अगदी अलीकडच्या पाट्यांपाशी शेवाळ आणि गुलाबी फुलांची एपिलोबियम. माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण पुढं जातोय तशी झाडं लहान होतायत." तर सरळसोट, हिरवं होतं हे खरं.

पण हिरवं झालं म्हणजे कार्बन साठला, हे कुठून काढलं? ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीपुढच्या गाळात मोजलंय, झाडं यायच्या आधीच तिथले जीवाणू फार जुना कार्बन खाऊन हवेत सोडत असतात. दुसरं उदाहरण हिमनदीचं नाही, तरी मुद्दा तोच. स्वीडनमध्ये अबिस्कोला बर्चचं जंगल आणि शेजारची खुरटी झुडपं ताडून पाहिली. जंगलाच्या अंगावर कार्बन जास्त, पण मातीत इतका कमी की एकूण बेरजेत झुडपंच पुढं. भर उन्हाळ्यात बर्चची मुळं जीवाणूंना ताजा खाऊ देतात, त्या जोरावर ते मातीतला जुना साठाही फस्त करतात.

माळरान:
झुरिककर, तुमचे पाय कुठं आहेत? हेच मी दहा वर्षं घसा फोडून सांगतोय!

आमच्या गावचं गायरान. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं. पावसाळ्यात गुडघाभर, मेंढरं वर्षभर त्यावर. कागदावर काय, तर 'पडीक'. एका मोहिमेत जेसीबी आणून आडवे चर मारले, ग्लिरिसिडिया लावला, फलक लावला, फोटो काढले. पुढच्या मे महिन्यात रोपांच्या काटक्या झाल्या. चर मात्र आहेत, गेल्या वर्षी आमची म्हैस त्यात पडली. गवताच्या मुळ्यांनी किती पिढ्या बांधलेली जमीन ती! चराच्या कडेला हातभर खोल त्या लोंबताना दिसायच्या.

रविवारची_टेकडी:
झाडं लावणाऱ्यांना झोडपायची फॅशनच आलीय. आम्ही पन्नास माणसं बारा वर्षं दर रविवारी पुण्याच्या टेकडीवर डबे वाहून पाणी घालतो. माझे गुडघे गेले. तुम्ही काय केलं?

माळरान:
म्हैस बाहेर काढली.

रविवारची_टेकडी:
असल्या टिंगलीमुळेच चांगली माणसं इथं लिहीत नाहीत.

सरळसोट:
धागा हिमनदीचा आहे. गंगोत्रीहून निघालो ते थेट गायरानात, कमाल आहे.

माळरान:
गाडी योग्य ठिकाणी आलीय. हिमनदीपुढची जमीन 'रिकामी' म्हणायची आणि आमचा माळ 'पडीक', दोन्हीकडे खोड तीच. वर खोड दिसलं नाही की खाली काही नाहीच, असं तुम्ही धरून चालता.

आणि टेकडीवाल्या ताई, टिंगल तुमची नव्हती. तुमच्या टेकडीवर आधी काय होतं, एवढंच विचारतो.

रविवारची_टेकडी:
गवत होतं. दर उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावायचं, सगळी टेकडी काळी व्हायची. तेही बघत बसायचं का?

माळरान:
वणवा थांबवलात, त्याला माझा नमस्कार. झाडांसाठी खणलेल्या खड्ड्यांचं नंतर बोलू.

सरळसोट:
झुरिककरांचा अबिस्कोचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मान्य. ग्लेशियर बेचा मुद्दा मी सोडलेला नाही. आणि मूळ धाग्यातलं 'शतकाची कमाई दोन महिन्यांत' हे वाक्य तेवढं जमलंय, व्हॉट्सॲपवर टाकायला बरं आहे.

मुळावर_उठलेला:
टाकलं होतं. ग्रुपमधून काढलं.

खडूस_कोल्हापूरकर:
गोमुखवाले काका, भांडणं राहू द्या, त्या रोपट्याचा फोटो टाका. कोणतं होतं? अमेस का, ते हिमालयातलं झुडूप? असेल तर त्याच्याही मुळांना अल्डरसारख्या गाठी असतात.

गोमुखला_चारदा:
अमेस नव्हतं, त्याला काटे असते. फोटो काढायला गेलो तर मोबाइलची बॅटरी थंडीनं मेलेली. सप्टेंबरात परत जातोय, दोन दगड शोधतो.