मदत हवी आहे: दुपार झाली की प्रिंटर वाय-फाय सोडून देतो

राम राम मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, शेतकऱ्यांची ईकेवायसी, सगळं चालतं. म्हणजे दिवसभर प्रिंटच प्रिंट. आणि नेमका प्रिंटरच डोकं खाऊन राहिला.

लेझर आहे, काळा-पांढरा, वाय-फायवाला, तीन वर्षं जुना. मागे फक्त यूएसबीचं तोंड, लॅनचं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा 'ती कंपनीच भंगार' यातच जातो. ऑफिसात एक डेस्कटॉप (विंडोज १०) आणि एक लॅपटॉप (विंडोज ११), दोन्ही वाय-फायवर. फायबरचा राउटर मागच्या घरात, मध्ये अंगण. राउटरला छोटा यूपीएस आहे, त्यामुळे लाइन गेली तरी तो बंद पडत नाही.

त्रास असा, की सकाळी साडेनऊला शटर उघडलं तेव्हा प्रिंटर एकदम मस्त चालतो. अकरा-साडेअकरा वाजले की वाय-फायचा निळा दिवा लुकलुकायला लागतो आणि कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन'. बंद करून चालू केला की वीस मिनिटं, फार तर तासभर चालतो. मग परत तेच. संध्याकाळी सात वाजल्यानंतर पुन्हा शहाण्यासारखा.

परवा खेड्यावरून एक आजोबा पीककर्जासाठी सातबारा न्यायला आले. चार वेळा प्रिंट दिली, कागद काही निघेना. बाहेर त्यांची काळी-पिवळी हॉर्न वाजवून राहिली. शेवटी प्रिंटर बंद-चालू केला, तर अडकलेलं सगळं एकदम सुटलं. त्यांचा सातबारा चारदा, आधीच्या पोरीचा उत्पन्नाचा दाखला तीनदा, वर कोणाचं तरी आधार. आजोबा गठ्ठ्याकडे पाहून म्हणतात, "मायं वावर एकच हाय ना बाप्पा, हे बाकीचे कोनाचे?"

करून पाहिलेलं: ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा प्रोग्राम) बंद-चालू केला, प्रिंटर फॅक्टरी रिसेट केला, राउटर तर रोजच बंद-चालू करतो. तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने पाचशे घेतले आणि "वाय-फायचं कार्ड गेलं, नवा घ्या" म्हणून निघून गेला. कार्ड गेलं तर रोज सकाळी परत कसं येते, हे त्याला विचारायचं राहून गेलं. हिवाळाभर काहीच तक्रार नव्हती. होळीनंतर सुरू झालं.

नवा घ्यायचा का? की काही इलाज आहे?

प्रतिसाद १ (पुणे)

यूएसबी केबल लावा आणि मोकळे व्हा. दोन-तीन मीटरची मिळते. विषय संपला.

धागाकर्ता

केबल लावूनच दिवस काढून राहिलो दादा. पण मग फक्त डेस्कटॉपवरून प्रिंट निघते. लॅपटॉपवर बायको बसते, आणि अर्धे लोक पीडीएफ मोबाईलमध्ये घेऊन येतात. डेस्कटॉपवरून शेअर करून पाहिलं, पण तो झोपला की तेही बंद.

प्रतिसाद २ (अकोट)

भाऊ, माझं झेरॉक्सचं दुकान आहे, माझ्याकडे असंच व्हायचं. शेवटी कळलं की फायबर बंद पडली की आमचा पोरगा लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टाकायचा. प्रिंटर बिचारा राउटरवरच बसलेला, लॅपटॉप भलत्याच नेटवर्कवर. मग दिसणार कसा? बाहेरचं नेट गेलं तरी राउटर चालू असेल तर प्रिंट निघते, हे त्याला पटवता पटवता माझा घसा बसला. तुमच्याकडे तसं होत नाही ना, ते एकदा पाहा.

धागाकर्ता

नाही ताई. हॉटस्पॉट मी कधीमधी लावतो, पण तेव्हा प्रिंटरचा दिवा स्थिर असतो. इथे दिवाच लुकलुकतो.

प्रतिसाद ३ (नागपूर)

दिव्याचं लिहिलं ते बरं केलं. 'ऑफलाइन' हा एकच शब्द विंडोज दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

दिवा लुकलुकत असेल तर प्रिंटरचा राउटरशी संबंधच तुटलाय. तिथे ड्रायव्हर दहा वेळा टाकून उपयोग नाही. दिवा स्थिर असून ऑफलाइन दिसत असेल, तर प्रिंटर जागेवर आहे, कॉम्प्युटर त्याला चुकीच्या पत्त्यावर शोधतोय. राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता मुदतीवर देतो, भाड्याच्या खोलीसारखा. प्रिंटर बंद-चालू झाला की कधी कधी दुसरी खोली मिळते आणि कॉम्प्युटर जुन्याच दाराची कडी वाजवत राहतो. तुम्ही दिवसातून पाच वेळा बंद-चालू करताय, म्हणजे तुम्हाला दोन्ही दुखणी असू शकतात.

तीन दिवस एक काम करा. प्रिंटरवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कागद काढा. बऱ्याच लेझरमध्ये वाय-फायचं किंवा माहितीचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की निघतो. त्यावरचा आयपी घ्या, डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, पुढे तो पत्ता, पुढे डॅश टी, असं टाकून खिडकी उघडीच ठेवा. पिंग म्हणजे त्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते पाहणं. लॅपटॉपवर तसंच राउटरच्या पत्त्याला लावा. कधी तुटला, तेव्हा दिवा कसा होता, ते वहीत लिहा. आणि हो, राउटर ड्युअल बँड असेल तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी ठेवा. पुष्कळ प्रिंटरना फक्त २.४ कळतं.

धागाकर्ता

नावं आधीच वेगळी आहेत. वही घालतो.

धागाकर्ता (तीन दिवसांनी)

वही अशी. सोमवारी ११:२०, १२:०५, २:४०, ४:१५ ला तुटला, दरवेळी दिवा लुकलुकता. बुधवारी ११:१०, १:३०, ३:५०. प्रिंटरचा पिंग सकाळी ३ ते ६ मिलिसेकंद, अकरानंतर दोनशे-तीनशे, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'ची रांग. बुधवारी दुपारी एकदा दिवा स्थिर होता तरी ऑफलाइन. कागद काढून पाहिला तर शेवटचा आकडा ५ चा ९ झाला होता. म्हणजे तुमची खोली बदलली ती गोष्ट खरी.

पण मंगळवारी दिवसभर एकदाही तुटला नाही. हे काही समजलं नाही.

प्रतिसाद ३ (नागपूर)

मंगळवारी वेगळं काय होतं? दुपारी लॅपटॉपवरचं नेटही मंद होतं का? आणि होळीनंतर सुरू झालं म्हणता, तर एक विचारतो, हसू नका. कूलर कुठे ठेवता?

धागाकर्ता

आता काय सांगू! दुपारी नेट मंद होतं हे महिनाभर मी फायबरवाल्याच्या माथी मारून राहिलो.

कूलर पत्र्याचा आहे, कमरेच्या वर येते, चाकाच्या स्टँडवर. सकाळी अंगणात नळाजवळ नेऊन भरतो, ऊन चढलं की अकराच्या सुमारास ढकलत आणून ऑफिसच्या मागच्या दारात बसवतो. रात्री परत अंगणात, माय तिथे झोपते. मंगळवारी नळच आला नाही, त्यामुळे कूलर अंगणातच राहिला आणि मी दिवसभर पुठ्ठ्याने वारा घेत बसलो.

आणि ते मागचं दार म्हणजेच घराकडून येणारी वाट. बाकी जाड भिंत, वर टिन, दाराच्या बाजूला लोखंडी कपाट. प्रिंटर कपाटाच्या आडोशालाच आहे. आत्ता मोबाईलवर वाय-फाय मोजायचं ॲप टाकून पाहिलं. प्रिंटरच्या जागी कूलर नसताना उणे ६१ डीबीएम (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल चांगला), दारात आणून ठेवला तर उणे ८०.

प्रतिसाद ३ (नागपूर)

मग कार्ड-बिर्ड काही गेलं नाही. लोखंडी पत्रा लहर परतवतो, टाकीतलं पाणी २.४ गिगाहर्ट्झची लहर पिऊन टाकतं, आणि तुम्ही दोन्ही एकत्र करून एकमेव दारात उभं केलंत. उणे ६७ च्या आसपास ठीक चालतं, ८० ला तुटणारच. लॅपटॉप तुटला तरी आपणच परत परत चिकटतो, म्हणून तुम्हाला तो फक्त मंद वाटला. काही प्रिंटर थोडे प्रयत्न करून गप्प बसतात.

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात कूलर हलवा असं सांगण्याइतका मी निर्दय नाही. राउटरचा सिग्नल तारेने ऑफिसात आणा. जुना राउटर पडलाय का कुठे?

धागाकर्ता

आहे, आधीच्या कनेक्शनचा. पोटमाळ्यावर.

प्रतिसाद ३ (नागपूर)

उत्तम. घरच्या राउटरचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, तपासून घ्या. जुन्याला लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, मग घरून आलेली लॅन केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या तोंडात) नाही. वॅनमध्ये लावली तर घर आणि ऑफिस अशी दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि घरातल्या मोबाईलला प्रिंटर दिसत नाही. वाय-फायचं नाव वेगळं ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२, कारण जुन्या प्रिंटरना डब्ल्यूपीए३ समजत नाही. घरचा चॅनल १ असेल तर इथला ६ किंवा ११.

मग पत्त्याचं दुखणं. घरच्या राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा राखून ठेवा. दोन्ही कॉम्प्युटरवर जुना प्रिंटर काढा आणि 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून त्या पत्त्यावर नव्याने जोडा. विंडोज आपल्या मनाने जोडतं तेव्हा बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधायची पद्धत) लावतं, त्याचा मला फार वाईट अनुभव आहे. त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. विंडोज त्या वाटेने प्रिंटरची खुशाली विचारतं, उत्तर आलं नाही की चांगल्या प्रिंटरला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं.

प्रतिसाद ४ (वाशीम)

केबल अंगणातून नेणार असाल तर टिनावरून लोंबकळत नेऊ नका राजेहो. पावसाळ्याच्या तोंडाला इथे विजा कशा पडतात ते माहीतच आहे. मागच्या वर्षी माझे दोन राउटर आणि एक टीव्ही अशाच तारेने गेले. पाइपातून खालून न्या, आणि गडगडायला लागलं की दोन्ही टोकं काढून ठेवा. लॅन १०० मीटरपर्यंत चालते, लांबीची काळजी नाही. उंदरांची मात्र करा.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)

झालं. वीस मीटर केबल पाइपात घालून भिंतीच्या कडेने आणली, आतून केसिंग पट्टी मारली.

पहिल्या दिवशी गोंधळ घातला. पत्ता बदलून राउटर रिस्टार्ट झाला आणि डीएचसीपी बंद करायचं माझ्याकडून राहूनच गेलं. केबल लावली तसे दोन राउटर पत्ते वाटायला लागले. ज्याला जुन्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट गेलं, आणि घरातला टीव्ही त्यातच सापडला. माय थेट अंगण ओलांडून ऑफिसात, गिऱ्हाइकांसमोर: "मायी शिरेल काहून बंद केली?" डीएचसीपी बंद केलं, टीव्ही एकदा बंद-चालू केला, तेव्हा शांत झाली.

प्रिंटरला ५० नंबर राखून दिला आणि स्केच पेनने त्याच्या पाठीवर लिहून ठेवला. आठ दिवसांत फक्त एकदा थांबला, तोही कागद संपला म्हणून. प्रिंटरच्या जागी आता उणे ३८ दाखवते. कूलर जिथे होता तिथेच आहे.

नागपूरच्या दादांचे आभार. इकडे कधी आलात तर चहा नाही, जेवण.

प्रतिसाद २ (अकोट)

म्हणजे मंगळवारी नळ आला असता तर तुम्ही चांगला प्रिंटर विकून बसला असता भाऊ!

धागाकर्ता

गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं ताई. ते रविवारी न्यायला येऊन राहिलं. त्याला आता काय सांगू, तेवढं सुचवा.