सांध्यांना सूज नाही, पण अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह: उपचार आधीच सुरू करावेत का?

वाटसरू

माझ्या थोरल्या बहिणीचे वय ४१ आहे. गेले पाच महिने तिच्या दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे सांधे पहाटे दुखतात आणि उठल्यावर तासभर मूठ नीट वळत नाही. आमच्या आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) होता. तिची वाकडी झालेली बोटे आम्ही दोघींनी लहानपणापासून पाहिली आहेत. बहिणीची अँटी-सीसीपी चाचणी (या आजाराशी निगडित प्रतिपिंडांची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली असून ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे दुसरे प्रतिपिंडही वाढलेले आहे, मात्र प्रत्यक्ष तपासणीत एकाही सांध्याला सूज आढळली नाही. एका संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचे नेहमीचे औषध लगेच सुरू करावे असे सुचवले, तर दुसऱ्यांनी सूज दिसेपर्यंत थांबायला सांगितले, आणि दोघांनीही आपल्या मताला संशोधनाचा आधार असल्याचे सांगितले. हे कसे शक्य आहे? तिला हा आजार झाला आहे असे म्हणायचे की नाही?

पारिजात

दोघांच्याही मताला आधार आहे, पण तो वेगवेगळ्या अवस्थांतील रुग्णांवर झालेल्या संशोधनाचा आहे. गोंधळ तिथूनच सुरू होतो असे मला वाटते.

आधी निदानाबद्दल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार अँटी-सीसीपीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात) सुमारे ६७ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात) सुमारे ९५ टक्के आहे. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरची विशिष्टता त्याहून कमी, सुमारे ८५ टक्के. पंचाण्णव हा आकडा भरवशाचा वाटतो, पण त्याचा अर्थ चाचणी कोणाची केली यावर ठरतो. शंभरातील एकालाच आजार आहे अशा हजार माणसांची चाचणी केली, तर दहा रुग्णांपैकी सुमारे सात सापडतील आणि त्यांच्यासोबत आजार नसलेले जवळजवळ पन्नास जणही पॉझिटिव्ह ठरतील. याउलट लक्षणांवरून आजाराची शक्यता आधीच ३० टक्के वाटत असेल, तर पॉझिटिव्ह अहवालानंतर ती ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. आपल्या बहिणीचा पहाटेचा त्रास, मूठ न वळणे आणि आईचा आजार हे सारे म्हणूनच अहवालाइतके मोलाचे आहे. तरीही २०१० चे वर्गीकरणाचे निकष लावायचे तर किमान एका सांध्याला तपासणीत सूज असावीच लागते. त्यामुळे आज तिला ‘आजार झाला आहे’ असे म्हणता येणार नाही. तिला आजाराचा मोठा धोका आहे, इतकेच म्हणता येते.

आता उपचार. ‘जितके लवकर तितके चांगले’ हे तत्त्व ज्या अभ्यासांवर उभे आहे, त्यांतील रुग्णांना सूज आधीच आलेली होती. सूज येण्यापूर्वीच्या अवस्थेला तेच तत्त्व जसेच्या तसे लावणे म्हणजे पुरावा त्याच्या मर्यादेबाहेर ताणणे होय. त्या अवस्थेतील मेथोट्रेक्सेटची स्वतंत्र चाचणी नेदरलँड्समध्ये झाली आणि २०२२ मध्ये ‘ट्रीट अर्लियर’ या नावाने प्रसिद्ध झाली. सांधेदुखी असलेल्या, एमआरआयमध्ये दाह दिसणाऱ्या २३६ जणांना एक स्टिरॉइड इंजेक्शन आणि वर्षभर मेथोट्रेक्सेट, किंवा दोन्हींच्या जागी प्लॅसिबो (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी मात्रा) देण्यात आले. दोन वर्षांनी संधिवात झालेल्यांचे प्रमाण उपचार-गटात १९ टक्के होते आणि प्लॅसिबो-गटात १८ टक्के. ही चाचणी अपयशी ठरली, आणि म्हणून थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांची बाजू मला अधिक भक्कम वाटते.

निरीक्षक

निदानाविषयीचे विवेचन मला मान्य आहे, परंतु ‘अपयशी’ हा शब्द मान्य नाही. आजार रोखता येतो हे त्या चाचणीत सिद्ध झाले नाही, हे खरे. पण वेदना, सकाळचा ताठरपणा, हातांनी करायची कामे आणि एमआरआयमधील दाह या सर्वांत उपचार-गटाची स्थिती अधिक चांगली राहिली, आणि औषध वर्षभरानंतर बंद केल्यावरही दुसऱ्या वर्षात तो फरक टिकला. रोज पहाटे मूठ न वळणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट दुय्यम नाही, जरी संशोधकांनी ती दुय्यम निष्कर्षांत नोंदवली असली तरी.

दुसरे असे की मुख्य निष्कर्षाचे धोका-गुणोत्तर (उपचार-गटाचा धोका प्लॅसिबो-गटाच्या किती पट; १ म्हणजे फरक नाही) ०.८१ होते आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो, ०.४५ ते १.४८ इतका रुंद होता. एवढ्या अंतरालात बराच फायदाही बसतो आणि काहीसा तोटाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. शिवाय त्या २३६ जणांपैकी अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह जेमतेम पाव होते, म्हणून वाटसरू यांच्या बहिणीसारख्या व्यक्तीबद्दल ती चाचणी फारच थोडे सांगते.

तिच्यासारख्यांच्या अधिक जवळ जाणाऱ्या चाचण्या अबाटासेप्ट या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधाच्या आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अपिप्रा’ चाचणीत सांधेदुखी आणि प्रतिपिंडे असलेल्या २१३ जणांना एक वर्ष औषध किंवा प्लॅसिबो दिले गेले. वर्षअखेरीस संधिवात झालेले औषध-गटात ६ टक्के होते, तर प्लॅसिबो-गटात २९ टक्के. हा फरक किरकोळ म्हणता येईल का?

पारिजात

‘अपयशी’ हा शब्द मी मागे घेतो. चाचणीने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर नकारात्मक आले, असे म्हणणे अधिक अचूक झाले असते.

अपिप्राचे मात्र पुढचे वर्षही पाहायला हवे. औषध थांबवल्यानंतर, चोवीस महिन्यांच्या अखेरीस, तेच आकडे २५ टक्के आणि ३७ टक्के झाले. त्याच वर्षी आलेल्या ‘अरिया’ चाचणीत औषध सहा महिनेच दिले होते. त्या वेळी ८ विरुद्ध ३५ टक्के असलेले प्रमाण अठराव्या महिन्यात ३५ विरुद्ध ५७ टक्के झाले. त्याआधी रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्तीवरच काम करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या एकाच मात्रेची ८१ जणांवर चाचणी झाली होती, तिथेही आजार पुढे ढकलला गेला, टळला नाही. माझ्या दृष्टीने या सर्व चाचण्यांचा एकत्रित अर्थ ‘विलंब’ असा आहे, आणि विलंबाची किंमत कोण मोजतो हे विचारणे भाग आहे. अपिप्राच्या प्लॅसिबो-गटातील ६३ टक्के लोकांना दोन वर्षांत संधिवात झालाच नाही. अशा माणसांना प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारे औषध वर्षभर द्यायचे, आणि मेथोट्रेक्सेट असेल तर यकृत व रक्तपेशींच्या नियमित तपासण्या करायच्या, गर्भधारणाही टाळायची, हा निर्णय केवळ टक्केवारीवर सोडता येत नाही.

निरीक्षक

विलंबालाही मोल आहे, हे मात्र माझे मत कायम आहे. हात शाबूत असलेली दोन-तीन वर्षे ज्याला मिळतात, त्याच्यासाठी ती आकडेवारीतील शेपूट नसतात. पण ती वर्षे कोणत्या धोक्याच्या बदल्यात घ्यायची हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते, येथे आपले एकमत आहे.

वाटसरू

दोघांचीही मनापासून आभारी आहे. बहिणीला औषधाची भीती वाटते, पण आईसारखे होण्याची भीती त्याहून मोठी आहे. थांबायचे ठरवले, तर थांबण्याच्या काळात नेमके काय करायचे? एमआरआय करून घ्यावा का?

पारिजात

थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. तज्ज्ञांकडून दर काही महिन्यांनी सांध्यांची तपासणी ठरवून घ्यावी, आणि मधल्या काळात एखादा सांधा सुजला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जावे, कारण लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संधिवाततज्ज्ञांनी रुग्णाला पाहावे अशी युरोपीय शिफारस सुजलेल्या सांध्यांसाठीच आहे. ती धूम्रपान करत असेल तर ते सोडणे हा एकही गोळी न घेता करता येणारा उपाय आहे. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह प्रकाराशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. एमआरआय उपयोगी पडू शकतो, पण निरोगी माणसांच्या सांध्यांतही, विशेषतः वय वाढल्यावर, सौम्य दाह दिसतो. म्हणून तो करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे की अहवाल अमुक आला तर आपण काय बदलणार आणि तमुक आला तर काय. दोन्ही उत्तरे एकच असतील, तर तूर्त एमआरआयची गरज नाही.