उघडझाप करणाऱ्या दिव्याची ‘तीव्रता’ की ‘तेज’?

नांदेडहून : गाळप हंगामात रात्री रस्त्यावर असणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांसाठी सुरक्षेचं पत्रक लिहितेय. मागच्या लाल ब्लिंकरची ‘तीव्रता’ म्हणू की ‘तेज’? ‘लुकलुकणारा दिवा’ चालेल का?

परभणीहून : ताई, दोन्ही शब्द लागतील, पण एकाच्या जागी दुसरा घालू नका. तीव्रता दिव्याची असते आणि ती कॅन्डेलात मोजतात. तेज बघणाऱ्याच्या डोळ्याला जाणवतं. दिवा उघडझाप करायला लागला की हा फरक फार नडतो.

फ्रान्सच्या दीपस्तंभ सेवेतले आंद्रे ब्लाँडेल यांनी रे यांच्यासोबत १९११ साली, असा दिवा लांबून किती तीव्र दिसतो याचं सूत्र दिलं. दिवा एकदम पेटून एकदम विझत असेल, तर त्याच्या तीव्रतेला चमकेच्या वेळेनं गुणायचं आणि त्या वेळेत ०.२ सेकंद मिळवून भागायचं. १००० कॅन्डेलाची चमक ०.२ सेकंद टिकली, तर लांबून ती ५०० कॅन्डेलाच्या सतत जळणाऱ्या दिव्याइतकीच दिसते. ०.०५ सेकंदच टिकली, तर फक्त २००. लांबून भासणाऱ्या या तीव्रतेला ‘प्रभावी तीव्रता’ म्हणतात. नुसता ‘१००० कॅन्डेलाचा ब्लिंकर’ म्हणून विकणारा अर्धीच गोष्ट सांगतो. चमक किती वेळ टिकते तेही विचारायलाच हवं.

हे सूत्र मात्र जेमतेम दिसणाऱ्या, लांबच्या दिव्यासाठी आहे. जवळ गेलं की गणित उलटतं. प्रखर प्रकाशाची साधारण सेकंदाच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी चमक तेवढ्याच तीव्रतेच्या सतत दिव्यापेक्षाही जास्त तेजस्वी भासते. ब्रोका आणि सुल्झर या संशोधकांनी १९०२ सालीच हे दाखवलं होतं. म्हणजे लांबून येणाऱ्या ट्रकवाल्याला जो ब्लिंकर कमी पडतो, तोच ट्रॉलीला चिकटून चाललेल्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपवू शकतो. म्हणून ‘प्रभावी तेज’ असं कृपा करून लिहू नका.

लातूरहून : ‘लुकलुकणारा’ नको. आमच्याकडं ‘दिवा लुकलुकायलाय’ म्हटलं की बॅटरी उतरली असंच समजतात. चांदण्या लुकलुकतात, काजवे लुकलुकतात. त्यात मंदपणा आला. ‘मिणमिणणारा’ तर त्याहून वेगळा, तो पेटलेलाच असतो, पण जीव नसल्यासारखा. ठरल्या तालात पेटणाऱ्या-विझणाऱ्या दिव्याला ‘उघडझाप’ हाच आपला शब्द.

नांदेडहून : काही एलईडी सेकंदाला शेकडो वेळा पेटतात-विझतात म्हणे. तीही उघडझापच का?

परभणीहून : नाही. इतक्या वेगात डोळ्याला खंड दिसत नाही, सरासरी प्रकाशाइतका सतत दिवा दिसतो. तिथं ‘स्पंदन’ म्हणा. उघडझाप म्हणजे डोळ्याला दिसणारी.

नांदेडहून : मग असं लिहिते : ‘ट्रॉलीमागे उघडझाप करणारा लाल दिवा लावा, तो लांबून ठळक दिसावा, जवळून डोळे दिपू नयेत.’

लातूरहून : झकास. ‘काच रोज पुसा’ एवढं जोडा. पाचटाची धूळ बसली की चांगला दिवाही मिणमिणतो.